रकाना

डॉक्टर होटकरांनी पेनाचं टोपण काढलं, विचारलं,
काय लिहू?
टायफॉइड लिहितो. मणकाही चालतो,
मणक्याला कुणी तपासत नाही.
मी म्हटलं, खरं ते लिहा.
ते पंख्याकडे बघत राहिले जरा वेळ.
खऱ्याला महापालिकेत रकाना नाही, बाई.

तर मला नऊ दिवसांचा टायफॉइड झाला.

पाणीपुरवठा, तक्रार नोंद, टेबल तीन.
आठ वर्षं फोन उचलतेय.
विडी घरकुलातून, शेळगीतून, जुळे सोलापुरातून
पाचवा दिवस आहे, सहावा दिवस आहे,
मराठीत, तेलुगूत, कानडीत, दखनीत.
शिव्या चारही भाषांतल्या कळायला लागल्या,
उत्तर मात्र मला एकच येतं:
आज रात्री सोडतील.

मार्चमध्ये एकीने शिवी दिली नाही.
हळू म्हणाली, घरात मयत आहे ताई,
आंघोळ घालायची आहे, दोन घागरी तरी.
मी म्हटलं, आज रात्री सोडतील.
आणि पत्ता लिहून घ्यायला गेले तर
हात वहीवर पडून राहिला,
दुसऱ्या कुणाचा तरी विसरलेला असावा तसा.
बिराजदार साहेबांनी चहा मागवला.
चहा डाव्या हाताने प्याले.

रजेचा पहिला दिवस: कुकरची शिट्टी झाली
आणि मी म्हटलं, नमस्कार, पाणीपुरवठा.
दुसरा: मोबाइल ज्वारीच्या डब्यात पुरला.
तिसऱ्या दिवशी दुपारी, त्रेचाळीस डिग्रीत,
उंबऱ्यावर विड्या वळता वळता बोल्लीकाकू म्हणाल्या,
तुला तर आतलं माहीत असेल, पाणी कधी?
मी रजेवर आहे काकू.
त्यांनी सुपातली पानं सारखी केली.
बरं आहे, म्हणाल्या, तहानेला रजा असती तर.

सासरे बत्तीस वर्षं मागावर होते.
अर्ध्या कानाने ऐकतात, तेही पडद्यावरचं.
रात्री कडक भाकरी मोडताना एकदम म्हणाले,
एक धागा तुटला तरी माग उभा राहतो.
मी वाट बघितली, पुढे काही म्हणतील म्हणून.
शेंगाचटणी दे, म्हणाले.

चौथ्या रात्री, पावणेतीनला,
गल्लीच्या तोंडाशी लोखंड घासल्याचा आवाज.
मी घागर घेऊन बाहेर आले.
चावीवाला वाकला होता व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर.
कधीचं सोडताय, एवढंच विचारलं
तर तो मान न वळवता म्हणाला,
टेबल तीन का?
इस्माईल नदाफ. आठ वर्षं रोज दोनदा बोललोय आम्ही,
मला वाटलेलं, उंच असेल.

आजारी म्हणे तुम्ही?
टायफॉइड.
त्याने चावीला अर्धा फेरा दिला, थांबला, दम घेतला.
मला पण झाला होता मागच्या साली, म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
तसलाच.

मी त्याला मार्चमधलं विचारलं.
ती गल्ली, ती तारीख, त्या रात्री सोडलं होतं का.
त्याने खरंच आठवून बघितलं,
कपाळावरचा घाम पुसायचा राहिला त्या नादात.
नाही सांगता येत बाई.
अंधारात सगळ्या गल्ल्या एकसारख्या.

कान लावा, म्हणाला मग, चावीच्या दांड्याला.
थंड होता दांडा, गंजाचा वास.
खाली, खूप लांबून, काहीतरी निघालं होतं
सरपटत, मध्येच अडखळत, पुन्हा.
आठ वर्षं मी ह्याच्याबद्दल बोलत होते
आणि ह्याचा आवाज मला माहीत नव्हता.

दारोदार दिवे लागले. प्लास्टिकची पिंपं सरकली.
बोल्लीकाकू पदर खोचत आल्या.
मी घागर नळाखाली ठेवायला गेले
तर इस्माईलने लांबूनच हात हलवला:
लगेच नका लावू.
आधी नुसती हवा येईल. मग गढूळ.

मी घागर पायरीवर आडवी ठेवली
आणि शेजारी बसले.
पाच दिवस होते अजून.
नळ खोकत होता.