दुर्बिणीला चाक असतं

फायाल बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टर ग्रासांनी
टेबलावर तीन भिंगं मांडली,
मसुराच्या दाण्याएवढी,
आणि विचारलं,
"सिन्योर आमारु, तुम्हाला स्पष्ट काय दिसायला हवंय?"
"आहे काय काय?" बाबा म्हणाले,
मासळीबाजारात विचारावं तसं.

मी सगळं कागदावर उतरवून आणलं होतं.
मदालेनाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकते मी.
भाव आणि वेळा रकान्यात मांडल्याशिवाय
मला चैन पडत नाही.

पहिलं साधं, एकाच अंतराचं. खर्च सरकारचा.
लांबचं बसवलं तर लांबचं लख्ख,
ताटातले काटे मात्र बोटांनी चाचपायचे,
नाहीतर चष्मा.
दुसरं वलयांचं, पैसे आपले.
लांबचं, मधलं, जवळचं, सगळं थोडं थोडं,
आणि रात्री दिव्यांभोवती कडी.
"धक्क्यावरच्या दिव्याभोवतीसुद्धा?"
"हो, त्याच्याही."
"मग तो दिवा कसला, संतच झाला की!"
तिसरं, बुबुळाची गोलाई बिघडली असेल तर.
बाबांची तपासली. सरळ निघाली.
"तेवढंच सरळ आहे त्यांचं," मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.

अडतीस वर्षं बाबा टेहळणीला बसले.
काळ्या लाव्हादगडाची खोली,
समुद्राच्या बाजूला एक आडवी फट,
फटीत दुर्बीण, दुर्बिणीमागे ते.
आधी भालेवाल्यांच्या होड्यांसाठी,
पुढे कॅमेरेवाल्यांच्या.
डावीकडे कललेला फवारा दिसला
की रेडिओवर ओरडायचे,
नैर्ऋत्य, आठ मैल, तीन माद्या, एक पिल्लू!
शेजारच्या बाकावर आई ते वहीत टिपून घ्यायची.
बाबा मागे वळायचे नाहीत.
वळलं की देवमासा गेला.

म्हणून मीच सांगून टाकलं,
"लांबचं द्या. वाचायचा चष्मा
औषधांच्या दुकानात बारा युरोला मिळतो."

बाबांनी नमुन्याचं भिंग बोटाच्या टोकावर घेतलं.
पिकलेल्या मोतीबिंदूतून त्यांना
ते दिसत तरी होतं की नाही, कुणास ठाऊक.
"जवळचं," ते म्हणाले.
"हात लांब केला की संपेल, तेवढंच."

"बाबा, आणि समुद्र?"

"समुद्र कुठे पळून चाललाय?
लांबच्यासाठी चष्मा घालीन की,
पाहुणे आले की कोट घालतो तसा."

डॉक्टरांनी गाडी चालवण्याचा मुद्दा काढला.
बाबा त्यांनाच समजावू लागले,
जणू पेशंट त्या होत्या.
"दुर्बिणीला चाक असतं, डॉक्टर.
डोळा कितीही जवळचा असो,
चाक फिरवलं की देवमासा समोर.
वहीला चाक नसतं."

मला वाटलं, हिशेबाची वही.

परतीच्या बोटीत अर्धा तास
पिकोचा डोंगर ढगातून डोकं काढत होता.
परदेशी माणसं उठून उभी राहिली.
बाबा स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले,
जणू सराव करत होते.

उजव्या डोळ्याला आता पाच आठवडे झाले.
रोज सकाळी स्वयंपाकघरात,
खिडकीला पाठ करून,
आईच्या वह्या.
मला हात लावू देत नाहीत.
काल एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, वाच.

"१४ जून. नैर्ऋत्य, आठ मैल. तीन माद्या, एक पिल्लू.
आज नवा निळा झगा घातलाय. अजून वळला नाही."

मी वाचलं.
"निळा," बाबा म्हणाले, आणि पान उलटलं.

डाव्या डोळ्याची तारीख नोव्हेंबरात आहे.
त्यात कुठलं, ते अजून बोललेले नाहीत.
मी पुन्हा रकाने आखायला घेतले होते.
साधं, लांबचं, असं लिहिलं
आणि पेन तसंच राहिलं हातात.