उशियाचं घड्याळ

उशियाने घड्याळ दिलं ते फक्त काच बदलायला.
सात वर्षं ते घालून तिने तिसऱ्या उकरल्या
अरोसाच्या खाडीत, ओहोटीच्या गार चिखलात;
काशाचा मूळ रंग तिलाही आठवत नसेल.
कडेला शेवाळी, बारापाशी तपकिरी,
चावीच्या खाचेत हिरवा कळंक,
आणि सहाच्या खाली एक काळा ओरखडा:
तराफ्याची साखळी सुटली त्या दिवशीचा.

माझ्या नव्या पोराने, ब्राइसने, हौसेने
लिंबू, मीठ, वरून मऊ फडकं.
संध्याकाळी काउंटरवर
एक लख्ख, परकं घड्याळ.

ती आली. बुटांतून पाणी ठिबकत होतं.
बघत राहिली. म्हणाली, "हे कुणाचं?"

ब्राइसचे कान लाल.
उकडलेल्या अंड्यासोबत डबीत ठेवलं
की रात्रीत काळं पडतं, तो म्हणाला, फुकट करून देतो.
"अंड्याने?" ती हसली, कडवट नाही.
"मग लोकांना काय सांगू,
तिसऱ्या कोंबडीने उकरल्या?"

मी पैसे घेतले नाहीत.
पट्टा बांधायला तिने बाही वर सारली
तेव्हा दिसला, मनगटाच्या आतल्या बाजूला,
बकलाच्या जागी कातडीत मुरलेला
हिरवट चौकोन.
तिथवर लिंबू पोचलं नव्हतं.
त्यावरच तिने बकल नेमकं बसवलं,
दोनदा दाबून पाहिलं.

"किती वाजले?" तिने मलाच विचारलं.
सव्वासहा, मी म्हटलं.
"उद्या ओहोटी आठला," ती म्हणाली,
आणि दार उघडंच टाकून गेली.