आयला, वय वर्षं चार

साडेनऊ वाजलेत आणि डंडीत अजून ऊन आहे.
म्हणजे ऊन नाही, उन्हाची उरलेली चिल्लर,
समोरच्या धुराड्यांवर कुणीतरी विसरून गेलेली.
ओजस म्हणतो, रात्र आलीच नाहीये अजून,
मग मी कशात झोपू?

पडदे मंगळवारी येणार आहेत.
तोवर खिडकीला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या,
स्टुलावर चढून मीच चिकटवलेल्या.
वारा आला की त्या ढेकर द्यायच्या बेतात फुगतात
आणि कडेनं उजेड आत येतोच,
उधारी मागायला आल्यासारखा.

पलंग समीरनं जोडला, काल,
रात्रपाळीला निघायच्या आधी.
एक स्क्रू उरला.
"जास्तीचा देतात गं," म्हणाला.
तो माझ्या गाऊनच्या खिशात आहे.
मी अधूनमधून चाचपून बघते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण याच्या पायांना हे अंथरूण संपतच नाही.
साडेचार वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये झोपला,
आडवा,
टाच बापाच्या बरगडीत, मुठीत माझा कान.
आता उताणा पडून दोन्ही हात लांब करतो
आणि हाताला कुणीच लागत नाही.
पुन्हा करून बघतो.

दाराच्या चौकटीला घरमालकानं रंग दिलाय,
घाईत, एकच हात.
त्याखालून पेन्सिलीच्या रेघा दिसतात
आणि प्रत्येक रेघेशी नाव.
"काय लिहिलंय?"
आयला, मी वाचते. आयला, चार. आयला, पाच.
तो तोंडावर हात ठेवतो.
"बाबा असं म्हणाला की तू रागावतेस."
अरे, नाव आहे ते. मुलीचं. इकडे असतं.
आयला, तो म्हणून बघतो.
आयला! आयला! आयला!
परवानगी मिळालेल्या शिवीची चव घेत
असा काही उड्या मारतो
की मी खिशातला स्क्रू घट्ट धरते.

मग उतरून रेघेशी उभा राहतो.
आयला चारपेक्षा दोन बोटं कमी.
हे त्याला आवडत नाही.
रेघा नऊवर थांबतात, हेही.
"नंतर कुठे गेली ती?"
दुसऱ्या घरी गेली असेल.
"का मेली?"
नाही रे बाबा.
"मी इथे झोपणारे, तिला माहितीये?"
याचं उत्तर मला येत नाही.

तो भिंतीकडे सरकतो,
अर्धी उशी मोकळी सोडतो.
"आली तर."
मी म्हणते, ती आता केवढी तरी मोठी असेल,
नोकरीबिकरी करत असेल.
"चारची येईल," तो म्हणतो
आणि मला जायला सांगतो.

दार किती उघडं ठेवायचं, यावर घासाघीस होते.
एक वीत.
त्याची नाही, माझी.

साडेबाराला समीरचा वॉर्डातून मेसेज: झोपला?
मी लिहिते: दोघंही झोपलीत.
तो विचारतो: मग हे कोण लिहितंय?
समजावून सांगायचा कंटाळा येतो.
मोठ्या पलंगाच्या अगदी कडेला पडून असते,
सवयीनं,
मधली जागा तशीच ठेवून.

साडेतीनला पुन्हा उजेड.
छपरावर कुणीतरी चालतंय,
बूट घालून चालल्यासारखं;
सीगल असणार, हे मलाही दोन वर्षांनी कळलं.
मी उठून बसते.
आता हाक येईल. चपला सापडत नाहीत.
पावलं धुराड्यापर्यंत जातात, थांबतात, परत येतात.
पलीकडून आवाज येतो, झोपेत बुडालेला,
माझ्यासाठी नसलेला:
"घाबरू नको गं. पक्षी आहे."

मग पलंग एकदा करकरतो
आणि मी खिशात हात घालते.