शिरोरेषा

पाटी लिहिताना आधी रेघ.
निळीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणायचा,
मधोमध चिमटीत धरून सोडायचा: टप्.
मराठी त्या रेघेला वरून लोंबायची
दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.
कानडी खाली टेकायची, टम्म भाकरीसारखी,
प्रत्येक अक्षर आपापलं टोपडं घालून.

कधी मराठी वर. कधी कानडी वर.
मग कानडी मोठी, मराठी बारीक.
एका रात्री कुणी मराठीला काळं फासलं,
दुसऱ्या रात्री कुणी कानडीला,
आणि दोन्ही सकाळी खडेबाजारात
शिडी घेऊन मलाच जावं लागलं.
काळं काढायला रॉकेल एकच लागतं.

गावालाही तशी रेघ होती.
कंग्राळ गल्लीतल्या माझ्या गच्चीवरून बघितलं
तर कौलं सगळी एका उंचीला,
आणि वर चढलेलं मोजकंच काही:
कपिलेश्वराच्या शिखराची मात्रा,
कॅम्पातल्या चर्चचा रफार,
किल्ल्यातल्या घुमटाचा टिंब.
लांब दक्षिणेला येळ्ळूरचा गड, समासात.

आता तंबाखूच्या वखारीच्या जागी
कलासंग्रहालय उठतंय.
पाच मजले झाले, सळया अजून वर बघताहेत.
क्रेनचा पिवळा हात दिवसभर गावावरून फिरतो,
वेलांटी कुणाला द्यायची,
पहिली की दुसरी,
त्याचं त्यालाच ठरत नाही.

तिथली एक पोर घरी आली, अक्षता हिरेमठ.
मराठी बोलते, हेल धारवाडचा.
"मामा, जुन्या पाट्या आहेत काय ओ तुमच्याकडे?
काचेत ठेवायच्यात."
जुन्या?
पत्रा महाग असतो, बाई.
वखारीची पाटी घासून सायकल मार्टची केली,
सायकलवर कॅसेट, कॅसेटवर मोबाइल,
मोबाइलवर परवा कुंदा आणि करदंट.
एका पत्र्यात पाच मालक बुडालेले,
काचेत कुणाला ठेवणार?
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.
म्हणाली, "तोच पत्रा द्या."

पत्रा पोचवायला गेलो तर
मुकादम भरमा हुक्केरीकर वरून ओरडला,
"बर्री, म्याग बर्री!"
सिमेंटच्या पोत्यांबरोबर पिंजऱ्यातून वर गेलो.
गुडघे माझे, आवाज मोटारीचा.

वरून माझी एकही पाटी वाचता येईना.
नुसत्या पाठी.
गंज, बांधलेल्या तारा, कबुतरांची घाण,
टेकू दिलेले बांबू.
एकीवर सुद्धा भाषा नाही.
मोठं काही सुचलं नाही तेव्हा.
मागून निदान प्रायमरचा एक हात
मारायला हवा होता, एवढंच वाटलं.

माझी गच्ची सापडली ती
दोरीवरच्या माझ्याच बनियनवरून.
तिथून येळ्ळूरचा गड आता दिसत नाही,
ह्या भिंतीच्या आड गेला.
इथून स्वच्छ दिसतो.
तिकीट किती ठेवणार, कोण जाणे.

नाव अजून लागलेलं नाही.
कुठली भाषा वर, ह्याची बैठक
तिसऱ्यांदा पुढं गेलीय.
दरवाजावर पाच फूट जागा कोरी,
आणि तिथला सिमेंटचा गिलावा
असा गुळगुळीत की बोटं शिवशिवली.

भरमा गिलाव्याची पातळी बघत होता.
त्याच्या हातात दोरा, तसाच, निळीतला.
दुसरं टोक धरायला माणूस नव्हता.
मी धरलं.
त्यानं मधोमध चिमटीत उचलून सोडला.
टप्.
खिडकीपासून खिडकीपर्यंत निळी रेघ,
खाली सगळं गाव.

भरमानं एक डोळा मिटून बघितलं.
"मामा, तुमच्या अंगाला एक सूत उतरलीया."
छत्तीस वर्षांत
माझी रेघ कधी उतरलेली नाही.
म्हटलं, तुझी भिंत बघ आधी.