सुई बदलताना

बावन्नाव्या रस्त्यावर, उंच रुळांच्या सावलीत माझं दुकान.
टर्नटेबल, मिक्सर, अँप्लिफायर दुरुस्त करून मिळतील.
वरून गाडी गेली की
सोल्डरिंगचा हात आपसूक थांबतो.
एकोणीस वर्षं झाली. फिलाडेल्फियाचा एवढाच तुकडा मला पाठ आहे.

आज ऑर्विल बॅस्कम आला, सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा,
काखेत टर्नटेबल,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसं.
म्हणाला, डाव्या बाजूचा आवाज मेलाय.
मग नेहमीचं सुरू:
ब्याऐंशीचा उन्हाळा, दिव्याच्या खांबातून चोरलेली वीज,
सारख्याच दोन तबकड्या,
एकीवरचा ढोल संपायच्या आत दुसरीवरचा धरायचा
आणि चार ठोक्यांच्या तेवढ्याशा फटीत
अख्खा रस्ता रात्रभर नाचवायचा.
"शब्द तेव्हा कळायचे. आताची पोरं तोंडात घास ठेवून बोलतात."

मी सुई भिंगाखाली धरली.
हिऱ्याचं टोक एकाच अंगानं झिजलेलं,
एकाच जागी मागं-पुढं, मागं-पुढं.
मी काही बोललो नाही. गिऱ्हाईक आहे.

तेवढ्यात टॅमिरा.
ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी मोजते
आणि रात्री लाँड्रीखालच्या तळघरात
माइकला पायमोजा घालून बोलते.
बोलते म्हणजे, तिचा ठेका मुद्दाम उशिरा पडतो,
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त निघावी तसा.
घरमालकाची नोटीस, बॉयलरची धुसफूस,
कुणाच्यातरी उशीच्या अभ्र्यात सापडलेला दात,
असलं सगळं. नाचता येत नाही त्यावर.
पन्नास कॅसेटी काढल्यात, प्रत्येकीवर हातानं नंबर.
"भूमिगत," ती म्हणते, इंग्रजीत,
आणि मला सातारकडचा चुलत आजोबा आठवतो,
बेचाळीस साली ज्वारीच्या कणगीत
पत्रकांचा गठ्ठा लपवणारा.
त्याच्याही प्रती पन्नासच्या वर नसायच्या.

दोघं एकमेकांकडे बघेनात.
आमच्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले
एका फडात डफ घेऊन समोरासमोर तरी बसायचे.
इथं मध्ये माझं काउंटर, त्यावर स्क्रूंची बशी.

मीच तिची सतरा नंबरची कॅसेट लावली,
नवी सुई बसेस्तोवर वेळ काढायला.
खरखर. उशिरा पडणारा ठोका.
आणि तिच्या ओळींच्या खाली, पुन्हा पुन्हा,
गर्दीतून एक तरणा पुरुषी आवाज:
ती निळी ब्यूइक हलवा,
ती निळी ब्यूइक हलवा.

ऑर्विलची मान तिरकी झाली.
मागं फिरव, म्हणाला.
फिरवली.
"हा मी आहे."

टॅमिरानं ती फीत म्हणे कुठल्याशा चर्चच्या
जुन्या बाजारात पाऊण डॉलरला उचलली होती,
वर नावही नव्हतं.
मला वाटलं आता भांडण. वकील, हक्क, पैसे.
ऑर्विल बराच वेळ बशीतला एक स्क्रू फिरवत राहिला.
मग विचारलं, "तू किती काढल्यास?"
"पन्नास."
"आम्ही सात काढल्या होत्या," तो म्हणाला.
"त्यातल्या दोन माझ्या बहिणीनं
चर्चची गाणी भरायला पुसल्या."

टॅमिरा हसली. तो नाही हसला.
"पण ब्यूइक हिरवी होती," म्हणाला,
"दिव्याखाली मला निळी दिसली.
म्हणून तर कुणी हलवली नाही."

सुई बसली. डावी बाजू बोलायला लागली.
पंचेचाळीस डॉलर झाले, मी चाळीस घेतले.
ऑर्विलनं सतरा नंबर खिशात घातला,
पैसे दिले की नाही ते मी पाहिलं नाही.
वरून गाडी जात होती,
आणि ती जाईपर्यंत आम्ही तिघं
तोंडं अर्धवट उघडी ठेवून
आपापल्या पुढच्या शब्दावर थांबलो होतो.