यथासंभव

दवा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्टला लागून संघटनेचं ऑफिस.
खाली हातगाड्यांवर सलाइनचे खोके,
वर मी, एक कूलर
आणि हिंदी टायपिंग, मिनिटाला पंचेचाळीस शब्द.

त्या वर्षी भोपाळहून कायद्याचा मसुदा आला.
कलम नऊ :
प्रत्येक चिकित्सालय अपनी दर-सूची
अनिवार्यतः प्रदर्शित करेगा.
हरकतींना पंधरा दिवस.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सचिवसाहेब आले.
"ताई, आधी कचोरी खा."
मग लाल शाईनं एकच शब्द खोडला
आणि वर लिहिलं, वळणदार अक्षरात,
यथासंभव.

मी म्हटलं, एवढंच?
ते हसले. "एवढ्यासाठी
सहा वेळा भोपाळ केलंय, ताई.
तळ्याकाठी जेवणं घातलीत.
निवडणुकीत इकडच्यांना दिलं, तिकडच्यांनाही दिलं,
कमी-जास्त नको म्हणून सारखंच."

मी टाइप केलं.
खरं सांगते, बरंच वाटलं.
जुन्या शब्दाच्या शेवटी विसर्ग होता
आणि माझ्या कीबोर्डवर विसर्गाचं बटण अडायचं,
दोन-दोनदा दाबावं लागायचं.

हिवाळ्यात कायदा झाला.
पेपरात आलं : ऐतिहासिक सुधारणा.
ऑफिसात पेढे वाटले. दोन मी
कागदात बांधून श्रीरंगसाठी नेले.
त्यानं एक खाल्ला, एक शेजारच्या पोराला दिला.

रंगपंचमीला सकाळी त्याच्या छातीत कळ आली.
राजवाड्याकडे गेर निघालेली, रस्ते बंद,
रिक्षावाला म्हणाला, "एमवाय आज विसरा, भाभी,"
आणि रिंगरोडवरच्या काचेच्या इमारतीपुढं सोडून
पैसे न घेता गेला.
शर्टावर लाल होतं. नर्स विचारत राहिली
लागलंय कुठं?
गुलाल आहे हो, नुसता गुलाल.

काउंटरवरचा मुलगा सौजन्यानं म्हणाला,
"एक लाख सत्तर जमा करा, मग वर घेऊ."
मी म्हटलं, दरपत्रक कुठाय?
भिंतीवर गणपती होता, धबधबा होता,
हसऱ्या डॉक्टरांचे फोटो होते ओळीनं.
"मॅडम, ते लावायला पाहिजे असं नाही.
नियमात यथासंभव आहे."

उच्चार अगदी स्वच्छ केला त्यानं.
थ आणि भ, दोन्ही पुरे.
आपलं पोर लोकांसमोर नीट बोललं की
आईला जसं होतं, तसं आधी झालं मला, क्षणभर.
मग पाय गेले.

पाटल्या गेल्या. दिराची एफडी मोडली.
डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं :
करड्या धुक्यात दोन बारीक गोल, एकावर एक.
"दोन स्टेंट. आता काळजी नाही."
हा तर विसर्ग, मी म्हणाले.
त्यांना ऐकू गेलं नसावं.

बिल सात पानी. मी सवयीनं
प्रूफ तपासावं तसं वाचलं, बोट ठेवून.
हातमोजे, बेचाळीस जोड. तीन रात्रींत.
कापूस वेगळा, कापसाची हाताळणी वेगळी.
शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

सोमवारी साहेबांनी स्वतः फोन लावला.
ओळखीचे निघाले सगळे. बारा हजार कमी झाले.
मी हात जोडले.
मनापासून जोडले, हे लिहून ठेवते,
कारण पुढं मला ते आठवायला आवडणार नाही.

श्रीरंग बरा आहे. अळणी वरणावर चिडतो.
खोडलेला कागद माझ्या खणात आहे,
बिलाच्या सात पानांखाली. लाल शाई अजून लाल.
काल कीबोर्ड उघडून बड्सनं पुसला;
विसर्गाखाली कचोरीचा कण निघाला,
किती वर्षांचा कोण जाणे.

आता बटण एका दाबात उठतं.
टेबलावर नवा मसुदा पडलाय, कलम चौदा.
साहेब यायचेत. कूलर चालू आहे.