अकरावा प्रश्न

सव्वीस मंगळवार. सॅस्कॅचेवानमधलं एक गाव,
वाचनालयाचं तळघर, घडीच्या खुर्च्या,
बाहेर उणे एकतीस, आणि गाड्या खांबांच्या प्लगला
गुरांसारख्या बांधलेल्या.
मी कोपऱ्यात नोंदी घेत बसते.

नवव्या मंगळवारी टारस म्हणाला,
कप फुटला. दार आपटलं. माझा हात सुटला.
वेंडेल गप्प. तो नेहमीच अशी वाट बघतो,
हीटरचा पाइप ठकठकेपर्यंत.
हात सुटायला तो काय दावं तोडलेला बैल आहे?
हे वेंडेल म्हणाला नाही, हे माझं मनातलं.
तो एवढंच म्हणाला : पुन्हा सांग. कोणी?

टारसला तीन आठवडे लागले.
मी, म्हणाला.
तिचा दात मी पाडला.

माझं खरं काम त्यानंतरचं.
सहा महिन्यांनी बायकांना फोन करायचा,
पंधरा प्रश्न, प्रत्येकापुढे तीन चौकोन :
हो, नाही, संपर्क झाला नाही.
गेल्या वर्षी एकेचाळिसांतले सहा जण पुन्हा पकडले गेले.
अहवालात आकडा छान दिसतो.
सात नंबर लागलेच नाहीत.
त्या बाया कुठे आहेत, अहवालाला ठाऊक नाही;
त्यांचे नवरे मात्र सुधारलेल्यांत मोजले.

ओरिसियाने तिसऱ्या रिंगला उचलला.
अकरावा प्रश्न : त्याने पुन्हा हात उचलला का?
नाही, म्हणाली. लगेच.
राग आला की गराजमध्ये जाऊन बसतो,
शिकवलंय तसं, वीस मिनिटं.
मी घड्याळ बघते. अठराव्या मिनिटाला
पोरीला वरच्या खोलीत पाठवते.
कॉफी अजून अर्धाच कप ओतते त्याला.

अर्धाच का, ते विचारलं नाही.
यादीत नव्हतं.

मग म्हणाली, काल कप फुटला.
मी गप्प राहिले, वेंडेलसारखी.
माझ्याच हातून, ओट्यापाशी.
तो आत येत होता,
आणि माझा हात आपोआप तोंडासमोर गेला.
ते त्यानं पाहिलं.
तसाच मागे फिरला, बूटही न घालता
पायरीवर जाऊन बसला, असल्या थंडीत.

मग?
मग काय. तुकडे भरले.
दार उघडून त्याला आत घ्यावं का,
ते ठरवत उभी राहिले.

'नाही'वर खूण केली मी.
समासात पेन्सिलीनं लिहिलं : पायरी.
कॉम्प्युटर समास वाचत नाही.
पुढचा नंबर लावलाय. वाजतोय.